मोंतेफोस्काची सतरावी खुर्ची

१

खुर्ची तयार झाली की भिकाजीकाका तिच्यावर स्वतः बसून बघायचे. दोन्ही कोपरं तिच्या हातांवर टेकून, डोळे मिटून, मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचे. मग उठून म्हणायचे, "बसली." हे ऐकल्याशिवाय खुर्ची पॉलिशला जायची नाही. मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण अर्बाब, म्हणजे आमचा मालकसुद्धा तो पाळायचा.

काका कणकवलीजवळच्या एका वाडीतले. मस्कतला एकतीस वर्षं काढली, त्यात घरी मिळून जेमतेम अडीच. एप्रिलअखेरीस त्यांचा व्हिसा रद्द व्हायचा होता आणि ते कायमचे परत जायचे होते. घरी गेल्यावर मंगलाकाकीसाठी झोपाळा करायचा, एवढा एकच बेत त्यांनी मला पन्नास वेळा सांगितला असेल. फळ्यासुद्धा आणून घरच्या माळ्यावर ठेवल्या होत्या. "लोकांका शेकड्यांनी खुर्च्ये केलंय," ते म्हणायचे, "नि माझ्या घरात बसाक एक बाकडा."

मी केयूर, वर्कशॉपचा ड्राफ्ट्समन. गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं कागदावर आणायचं आणि काकांनी ते लाकडात आणायचं, अशी आमची वाटणी होती. माझी केबिन वरच्या मजल्यावर, काचेची. दुपारी एक ते चार सगळी माणसं रुवीतल्या खोल्यांवर जेवायला आणि झोपायला जायची, मशिनं बंद व्हायची. मी मात्र फुकटच्या एसीच्या लोभाने तिथेच थांबायचो. पुढे जे झालं ते मी एकट्यानेच पाहिलं, त्याचं कारण एवढंच.

२

लुचिया नावाची एक इटालियन बाई मस्कतमध्ये घरं सजवायचं काम करते. तिच्यासाठी आम्ही बरीच दारं केली होती. फेब्रुवारीत ती आली ती वेगळंच काम घेऊन. तिच्या माहेरच्या गावासाठी तिला खुर्ची हवी होती. बिशपची.

गावाचं नाव मोंतेफोस्का. दक्षिण इटलीतल्या एका डोंगरावर, आता जेमतेम दोनशे माणसांचं. पण मध्ययुगात सुमारे साडेतीनशे वर्षं हा एक स्वतंत्र धर्मप्रांत होता. मी वसईचा, त्यामुळे बिशप आणि धर्मप्रांत हे शब्द मला नवे नव्हते. पण दोनशे माणसांच्या गावाला बिशप, याचं मला हसू आलं. लुचियाही हसली. म्हणाली, तेव्हा आमच्याकडे दर डोंगराला एक बिशप असायचा. मग प्लेग आला, भूकंप झाले, माणसं कमी झाली आणि रोमने तो धर्मप्रांत शेजारच्यात मिसळून टाकला. तालुक्याची कचेरी हलवतात तसंच झालं म्हणायचं. त्या घटनेला यंदा सहाशे वर्षं होत होती, म्हणून चर्चमध्ये जुन्या जागी जुन्या पद्धतीची खुर्ची ठेवायचं गावाने ठरवलं होतं.

सोबत एका जुन्या कागदाची प्रत होती आणि तिने केलेलं इंग्रजी भाषांतर. त्या गावात एकाची खुर्ची दुसऱ्याला चालत नसे. नवा बिशप नेमला की गावचा सुतार त्याचं माप घ्यायचा आणि नवी खुर्ची करायचा. कागदावर अशा सोळा बिशपांच्या सोळा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत नाव, साल आणि चार मापं: पाय, मांडी, पाठ, हात; शेवटी दोन शब्द आणि तारखा. मापं वितीत आणि बोटांत. काकांना ते फार आवडलं. "आपल्यासारख्याच हा ह्या," ते म्हणाले.

सतराव्या ओळीत साल होतं आणि 'खुर्ची सांगितली आहे' एवढेच शब्द. नाव नव्हतं, मापं नव्हती. लुचियाला नेमकी हीच खुर्ची हवी होती, जी कधी झालीच नाही.

"मग मापं कुठली घेऊ?" मी विचारलं.

"वरच्या कोणाचीही घे. कोणाला कळणार आहे?" असं म्हणून ती तीन आठवड्यांसाठी इटलीला निघून गेली.

मी सोळाव्याची घ्यायला हवी होती. पण तो फारच बुटका होता, खुर्ची चौरंगासारखी दिसली असती. पंधराव्याचे आकडे पुसट होते. तिला मेसेज करून विचारायचा मला कंटाळा आला. आमच्या धंद्यात माप नसेल तर सुतार ते स्वतःच्या अंगावरून घेतो. त्यात कोणाला काही वाटत नाही.

"काका, तुमच्याच अंगावरून घ्या," मी म्हणालो.

ते खूश झाले. जाण्याआधीचं शेवटचं काम आणि तेही आपल्या मापाचं. स्टुलावर बसून त्यांनी टेप माझ्या हातात दिली. टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर, कोपर ते बोटं. त्यांची उजवी तर्जनी करवतीने पेरभर कापली गेलेली होती. खुर्चीच्या हातांच्या टोकाला बोटांसाठी खाचा होत्या. उजवीकडची पहिली खाच मी इतरांपेक्षा आखूड काढली. तेवढीच गंमत.

३

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खुर्ची उभी राहिली. सागाची, उंच पाठीची, अंगावर नक्षी नाही. काकांनी तिला रंधा मारला, पॉलिश पेपर मारला आणि एकच्या सुट्टीला सगळे गेले.

मी डबा खाऊन काचेतून खाली बघत होतो. पॉलिश पेपर मारलेल्या दिवशी वर्कशॉपवर बारीक भुसा बसतो. टेबलं, मशिनं, जमीन, सगळं पिठाळ होतं. खुर्चीच्या पाठीवर भुसा होता, पायांवर होता. बैठकीवर नव्हता. हातांवरही कोपरापासून टोकापर्यंत नव्हता. बाकी सगळीकडे होता.

काकांनी फडकं मारलं असेल, असं म्हणून मी तो विषय संपवला. चार वाजता त्यांना विचारलं. "पॉलिश व्हायच्या आधी फडक्या कशाक मारू?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच एक उद्योग केला. सगळे गेल्यावर खाली जाऊन बैठकीवर मूठभर भुसा पसरला आणि वर येऊन बसलो. एसीचा झोत तिकडे नव्हता, पंखे बंद होते. एक वाजून चाळीस मिनिटांनी खालून आवाज आला. लाकडावर वजन आलं की सांधा एकदाच करकरतो, तसा. उन्हाने लाकूड बोलतं हे मला माहीत आहे. मस्कतच्या उन्हात तर पत्रेही बोलतात. मी काचेपाशी जायला थोडा वेळ लावला, हे मात्र कबूल करतो.

खुर्ची रिकामी होती. भुसा बैठकीच्या मधोमध दाबला गेला होता आणि कडेला सरकला होता.

मी काकांना फोन लावला. ते खोलीवर होते, पण बराच वेळ उचलला नाही. मग त्यांच्याच खोलीत राहणाऱ्या तय्यबने उचलला. तय्यब दापोलीचा, आमचा पॉलिशवाला. म्हणाला, "काका बसलंय खाटेवर. मी दोनदा हाक मारली, जेवायला चला म्हटलं. ऐकतंच नाय. डोळे उघडे हायत."

"कसे बसलेत?"

"ताठ," तो म्हणाला. "हात असे वर धरून."

४

चार वाजता काका आले ते नेहमीसारखे. "वायच डोळो लागलो," म्हणाले. मीही ते मान्य केलं. साठीला आलेला माणूस, घरी जायची ओढ लागलेली, दुपारची वेळ. बसल्या बसल्या तंद्री लागायला आणखी काय हवं?

पण ते रोज व्हायला लागलं. एक चाळीसला खाली सांधा करकरायचा आणि तिकडे खोलीवर काका खाटेच्या कडेला ताठ होऊन बसायचे. तीन-सव्वातीनला सुटायचे. तय्यबने खुर्चीला तीन हात पॉलिश मारलं आणि तिन्ही वेळा हातांच्या टोकाशी ते उडालं. "ह्याच्यावर बसतंय कोण रे?" तो माझ्यावर उखडला. "दहा वर्षं वापरल्यासारखं घासलंय." त्याने बोट ठेवून दाखवलं. उजवीकडची आखूड खाच गुळगुळीत झाली होती.

मला भीती वाटली, ती तेव्हा. तोपर्यंत मी स्वतःशी वाद घालत होतो.

काकांना म्हटलं, या वेळी तुम्ही बसून न बघताच खुर्ची पॉलिशला दिलीत. ते तिच्यासमोर उभे होते, हात मागे बांधून. बराच वेळ बघत राहिले.

"गरज नाय," ते म्हणाले. "ती बसलेली हा."

५

लुचिया परत आली तेव्हा मी तिला माझ्या केबिनमध्ये बसवून तो कागद पुन्हा समोर ठेवला. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन शब्द होते, ज्यांचं भाषांतर तिने केलं नव्हतं. मी त्यावर बोट ठेवलं.

"खुर्ची मोडली," ती म्हणाली. "बिशप वारला की त्याची खुर्ची मोडत. दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून. मला वाटलं, तुला याचा काय उपयोग?"

"शेजारी दोन तारखा आहेत."

"एक खुर्ची मोडल्याची, एक माणूस गेल्याची."

"बहुतेक ठिकाणी दिवस एकच आहे. पण इथे बघ, चौथ्याची आणि अकराव्याची. खुर्ची आदल्या दिवशी मोडलीय."

तिने चष्मा लावून पाहिलं. "लिहिणाऱ्याची चूक असेल. सहाशे वर्षांपूर्वीचे कारकून ते." मग जरा आठवून म्हणाली, "तो अकरावा तर मोंतेफोस्काला कधी आलाच नव्हता. जन्मभर नेपल्समध्ये होता. तेव्हाचे बिशप असेच, पद इथलं आणि राहणं भलतीकडे. पण गावाच्या दप्तरात लिहिलंय की तो रोज दुपारी आसनावर असे. गावाने स्वतःची समजूत काढली असणार."

"आणि धर्मप्रांत का बंद झाला?"

"सांगितलं ना. प्लेग, भूकंप."

"सतराव्याचं माप का नाही?"

लुचिया खिडकीबाहेर बघायला लागली. "माझी आजी सांगायची, सुतार मापाची दोरी घेऊन दारी आला की लोक डोंगराखाली पळायचे," ती म्हणाली. "पाद्री, मेंढपाळ, कोणीही. शेवटी सतराव्या खुर्चीसाठी माप द्यायला कोणी उरलंच नाही. आज्या काहीही सांगतात." तिने कागदाची घडी घातली. "खुर्ची सुंदर झालीय, केयूर. कोणाचं माप घेतलंस?"

मी म्हणालो, कागदातलं.

६

त्या दुपारी सगळे गेल्यावर मी खाली गेलो. विचार साधा होता: माप बदललं की खुर्ची काकांची राहणार नाही. खुर्ची आडवी केली, डाव्या पुढच्या पायाला रंधा लावला आणि दोन-तीन हात मारले. पापुद्र्यासारख्या दोन साली निघाल्या. हे दीडच्या सुमाराचं, म्हणजे रोजच्या एक चाळीसला अजून वेळ होता. तरीही बैठक हाताला कोमट लागत होती.

तय्यबचा फोन आला. "काका खाली पडलं रे. उभं होतं चांगलं, पाय धरून खाली बसलं."

मी सरस लावून त्या दोन्ही साली परत चिकटवल्या. मला रडू येत होतं. काका त्या दिवसापासून डाव्या पायाने लंगडायला लागले. "पाय धरलो जरा," म्हणाले. "घराक गेल्यार बरो जातलो."

अर्बाबकडे गेलो. म्हटलं, ही खुर्ची देऊ नका, मी दुसरी करून घेतो, दोन आठवडे द्या. त्याने कारण विचारलं. कारण काय सांगणार होतो मी? सोहार बंदरातून जाणारा कंटेनर ठरलेला होता. "खलास," तो म्हणाला.

एकवीस एप्रिलला खुर्ची पेटीत गेली. पेटीला खिळे ठोकले ते काकांनीच. अठ्ठावीसला मी त्यांना विमानतळावर सोडलं. खुर्ची समुद्रावर गेल्यापासून त्यांचं दुपारचं बसणं थांबलं होतं, लंगडणंसुद्धा कमी झालं होतं. आत जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "दिवाळेक ये," म्हणाले. "झोपाळ्यार बसवतंय तुका."

७

मे महिना चांगला गेला. काका फोटो पाठवायचे. तासलेल्या फळ्या, कड्या, साखळ्या.

जूनच्या चार तारखेला, दुपारी, लुचियाचा फोटो आला. चर्चमधली अंधारी जागा, दोन पायऱ्या, त्यावर आमची खुर्ची. 'सहाशे वर्षांनी जागा भरली', असं तिने खाली लिहिलं होतं. मी फोटो मोठा करून बघायला सुरुवात केली आणि मग फोन उलटा ठेवला.

पाचला सकाळी मंगलाकाकींचा व्हिडिओ कॉल आला. माझी त्यांची गाठ कधी पडली नव्हती. आवाज घाबरलेला होता.

"केयूरा, हे कालपासून ओटीयेर बसले हत. हलत नाय. डाक्टर येवन गेलो, म्हणता बीपी ठीक हा. चमच्यान भरवलंय तर गिळतत. तिकडे कायतरी झालेलां काय?"

त्यांनी फोन फिरवला. काका ओटीवर ताठ बसले होते. कोपरं पुढे, हात हवेत सपाट, बोटं खाली वळलेली. उजवी तर्जनी इतर बोटांच्या आधी थांबत होती.

"खुर्चीवर बसलेत का?" मी विचारलं.

"आमच्या घरात खुर्ची खंयची? बाकड्यार बसलेले. सकाळी केर काढूक बाकडा ओढलंय," काकी म्हणाल्या आणि त्यांनी फोन खाली केला.

क्षणभर खालचं दिसलं. काकांची पावलं, पोटऱ्या, गुडघे, आणि गुडघ्यांच्या मागे ओटीवरची लाल फरशी. तिच्यावर केरसुणी पडलेली होती. मग चित्र गोठलं. तिथे रेंज नीट नसते. बाकडं मागे सावलीत असेल, मला दिसलं नसेल, असं मी अजूनही म्हणू शकतो.

८

दोन दिवसांनी लुचियाने विचारलं. पुढच्या रविवारी गावच्या संताचा सण आहे. म्हाताऱ्या लोकांचं म्हणणं, जुनी रीत पुरी करायची तर सण झाल्यावर खुर्ची मोडायला हवी. पाद्रीबाबांना हे काही पटत नाही. इतकं सुंदर काम, तेव्हा करणाऱ्याची परवानगी तरी घ्यावी, असं ते म्हणतात.

मी लिहिलं, मोडू नका. काचेत ठेवा, कुलूप लावा, पण मोडू नका.

त्यानंतर रोज दुपारी मी काकींना फोन करायचो. काका रात्रंदिवस बसलेले असत. पाठ टेकत नव्हती, डोळा लागत नव्हता. काकींनी त्यांच्याखाली उशा रचल्या होत्या, त्या तशाच फुगीर राहत. डाव्या पायावर सूज होती. आठव्या दिवशी मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाशी धरा.

"काका, मी केयूर. ती खुर्ची मोडायची का, असं विचारतायत." मी पुढे म्हणालो, "जुन्या कागदात काय लिहिलंय ते मी तुम्हाला सांगितलं नाही. खुर्ची मोडली की..."

"माका म्हायत हा," काका म्हणाले. आठ दिवसांत पहिल्यांदाच बोलले. आवाज त्यांचाच होता, पण मोठ्या रिकाम्या जागेतून यावा तसा, घुमत. "हंय थंडी हा रे. मोड ती, केयूरा."

जन्मभर या माणसाने दुसऱ्याने केलेलं मोडकं स्टूलसुद्धा फेकू दिलं नव्हतं. मी लुचियाला लिहिलं, परवानगी आहे.

९

रविवार आमचा कामाचा दिवस. एकला सगळे गेले. तय्यब थांबतो म्हणाला, मी नको म्हटलं. केबिनमध्ये न बसता मी खाली, ती खुर्ची जिथे उभी राहिली होती तिथे, काकांच्या स्टुलावर जाऊन बसलो.

एक वाजून बारा मिनिटांनी मेसेज आला. 'मोडली. पहिल्याच घावात सगळे सांधे सुटले, जशी वाटच बघत होती. गाव विचारतंय, करणाऱ्याचं नाव काय? बिशप नाही, तेव्हा त्याच्याच नावाने सतरावी ओळ पुरी करायची आहे.'

मी उत्तर दिलं नाही. एक वीसला फोन वाजला.

"केयूरा, उठले रे हे," मंगलाकाकी म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. "आपणहून उठले. चलत घरात इले, तांब्याभर पानी पियाले. माका म्हणाले, झोपाळो ऱ्हवलो गे. मी म्हटलंय, करा उद्या. आता खाटीर आडवे पडले हत. अकरा दिसांनी पाठ टेकल्यानी. हाक मारलंय तर ओ देवक नाय, इतकी गाढ झोप लागली हा."

स्टुलाच्या पायाशी काकांनी मार्चमध्ये काढलेल्या साली अजून पडल्या होत्या.

"उठवू नको ना?" काकींनी विचारलं. "निजांदेत?"

"हो, काकी," मी म्हणालो. "निजू दे त्यांना."